खोली, तळघर आणि आईच्या परसातली शेड

२६ जून १९९५. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या गोल्फ मॅनर नावाच्या वसाहतीत पांढरे संरक्षक पोशाख घातलेली माणसं एका घराच्या परसात शिरली. तिथे बागकामाचं सामान ठेवायची एक लाकडी शेड होती. तीन दिवसांत त्यांनी ती विजेच्या करवतींनी कापली, तुकडे आणि आतलं सामान ३९ पिंपांत भरलं आणि पिंपं सीलबंद करून ट्रकवर चढवली. यूटा राज्याच्या वाळवंटात किरणोत्सारी कचरा पुरायची जागा आहे, तिथे ती गेली. खर्च आला सुमारे ६० हजार डॉलर. कारखान्यांनी विषारी करून सोडलेल्या जमिनी साफ करण्यासाठी अमेरिकेत जो कायदा आहे, त्याच कायद्याखाली हे काम झालं. पण इथे कारखाना नव्हता. आईवडिलांच्या दोन वेगळ्या घरांमध्ये ये-जा करणारा एक मुलगा होता. त्याचं नाव डेव्हिड हान.

डेव्हिडची गोष्ट 'घरात अणुभट्टी बांधणारा मुलगा' म्हणून सांगितली जाते. अणुभट्टी झालीच नव्हती. साखळी प्रक्रिया स्वतःहून चालू राहायला विखंडनक्षम पदार्थ, म्हणजे ज्याचे अणू फुटू शकतात असा पदार्थ, ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक रचनेत लागतो, आणि त्याच्या आसपासही तो पोचला नव्हता. त्याच्याकडे होता तो निरनिराळ्या वस्तूंमधून खरवडून, जाळून, वेगळा करून जमवलेला किरणोत्सारी माल. धोका मात्र खराच होता. मला या प्रकरणात भट्टीपेक्षा घराचं जास्त कुतूहल आहे. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत या मुलाच्या आजूबाजूला किमान चार मोठी माणसं होती. त्यांतलं कुणी मारकुटं नव्हतं, कुणाला मुलाची पर्वा नव्हती असंही नाही. तरी हे झालं. कसं झालं ते टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे.

पुस्तक आणि खोली

डेव्हिडचा जन्म १९७६ चा. तो लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. वडील मोटार उद्योगात अभियंता, सावत्र आईही त्याच क्षेत्रातली. आठवडाभर तो क्लिंटन टाउनशिपमध्ये या दोघांकडे असायचा, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत आईकडे. वडिलांचा दिवस कामात जायचा. दहा वर्षांचा असताना सावत्र आईच्या वडिलांनी त्याला रसायनाच्या प्रयोगांचं एक जुनं पुस्तक दिलं. १९६० सालच्या त्या पुस्तकात घरच्या घरी प्रयोगशाळा कशी मांडायची, वायू कसे तयार करायचे, हे रंगीत चित्रांसह दिलं होतं. आजच्या पालकाला घाम फुटेल असे प्रयोग त्या काळी मुलांच्या पुस्तकात सर्रास असत.

बाराव्या वर्षी तो वडिलांची कॉलेजची रसायनशास्त्राची पुस्तकं वाचत होता. शाळेत मार्क यथातथाच. आपल्याकडे अशा मुलाला 'अभ्यास सोडून सगळं करतो' म्हणतात. चौदाव्या वर्षापर्यंत त्याची मजल नायट्रोग्लिसरीनपर्यंत गेली होती, म्हणजे डायनामाइटमध्ये जो स्फोटक द्रव असतो तिथपर्यंत. खोलीच्या भिंतींना खड्डे पडले. गालिच्यावर इतके डाग पडले की तो उखडून टाकावा लागला.

इथे क्षणभर थांबून एक बाजूचा विचार. तेरा वर्षांच्या मुलीने खोलीचा गालिचा आम्लाने जाळला असता, तर दुसऱ्या डागाची वेळ आली असती का? मुलगा आहे, उपद्व्यापी असणारच, ही समजूत मिशिगनमध्येही आहे आणि मिरजेतही. त्या समजुतीवर मुलग्यांना बरीच सूट मिळते. त्याच सूटीमुळे त्यांच्याकडे लक्षही कमी जातं.

गालिचा गेल्यावर सावत्र आईने फर्मावलं की खोलीत प्रयोग बंद. मग तो तळघरात गेला.

तळघर

अमेरिकेत घराखाली तळघर असतं, त्यामुळे ही सोय झाली. डेव्हिडला ती आवडलीच. खोलीपेक्षा जागा मोठी आणि येणारंजाणारं कुणी नाही. एका संध्याकाळी खालून स्फोटाचा आवाज आला. घरातले धावत खाली गेले तर मुलगा अर्धवट शुद्धीत जमिनीवर पडलेला, भुवया जळून धूर निघतोय. लाल फॉस्फरस स्क्रू-ड्रायव्हरने ठोकताना पेटला होता. प्लॅस्टिकच्या डब्याचे बारीक तुकडे डोळ्यांत गेले होते. ते काढून घ्यायला पुढे बराच काळ नेत्रतज्ज्ञाकडे फेऱ्या माराव्या लागल्या.

यानंतरची बंदी पूर्ण होती. घरात प्रयोग नाहीत. वडील आणि सावत्र आई त्याची खोली नियमितपणे तपासायला लागले, सापडेल ते रसायन फेकायला लागले. त्याला घरात एकटं ठेवायचं नाही असंही ठरलं. थोड्या वेळासाठी बाहेर जायचं असलं तरी त्याला घराबाहेर काढून कुलूप लावायचं आणि कधी परत येणार ते सांगायचं, म्हणजे तेव्हा तो घरात येऊ शकेल.

हे कडक वाटतं, पण मी सावत्र आईला दोष देणार नाही. ज्या घरात नायट्रोग्लिसरीन तयार झालं आणि मुलाचे डोळे जाता जाता वाचले, तिथे 'बंद' म्हणणं हे पहिलं योग्य पाऊल होतं. अडचण अशी की ते शेवटचंही पाऊल ठरलं. आता तुझ्या या ओढीचं काय करायचं, कुणाकडे न्यायचं, कोण तुझ्या शेजारी उभं राहील, हे कुणी बोललंच नाही. दोघेही अभियंते असलेल्या घरात हे घडलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

वडिलांना मात्र उपाय सापडला होता. मुलाला शिस्त हवी, ध्येय हवं. त्यांनी त्याला स्काउटमध्ये सर्वोच्च पदापर्यंत, 'ईगल स्काउट'पर्यंत जायला सांगितलं. त्यासाठी २१ गुणपदकं लागतात. काही सक्तीची, काही आवडीची. डेव्हिडने आवडीच्या पदकांत अणुऊर्जा निवडली. आपल्याला वाटेल असं पदक असतं तरी कशाला, पण अमेरिकेत ते होतं आणि त्याची पुस्तिकाही होती. त्याने विखंडनाची आकृती काढली, रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाला भेट दिली, ज्यूसचा डबा, कपड्यांचे हँगर, स्ट्रॉ, काड्या आणि रबरबँड वापरून अणुभट्टीची प्रतिकृती केली. १९९१ च्या मे महिन्यात, चौदा वर्षांचा असताना, त्याला पदक मिळालं. घरी आनंद झाला असणार. मुलगा मार्गी लागला.

स्काउटमध्येही इशारे मिळाले होते. एका शिबिरात फटाक्यांसाठी आणलेलं मॅग्नेशियम पेटून तंबूला भोक पडलं. एकदा तो सभेला आला तेव्हा त्याचा चेहरा भडक नारिंगी होता. त्वचेचा रंग गडद करणारा एक पदार्थ स्वतःवर वापरून पाहताना त्याचं प्रमाण जास्त झालं होतं. प्रत्येक वेळी लोक हसले किंवा रागावले, आणि विषय तिथेच मिटला.

शेड

क्लिंटन टाउनशिपच्या घरात दार बंद झाल्यावर उरलं आईचं घर. तिथे परसात शेड होती. आई आणि तिच्यासोबत राहणारा गृहस्थ यांनी काही मनाई केली नाही. मुलगा शेडमध्ये तोंडाला मास्क लावून जातो, कधी कधी अंगावरचे कपडे काढून टाकून देतो, रात्री दोनपर्यंत काम करतो, हे त्यांना दिसत होतं. तो काय करतो ते आपल्याला कळणार नाही, आपलं शिक्षणच कमी, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. एकदा त्याने तेल संपत चाललंय, ऊर्जेचं काहीतरी करतोय, असं सांगितलं होतं. तेवढं त्यांना पुरलं.

या प्रकरणावर चर्चा होते तेव्हा लोक दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो सावत्र आईने गळचेपी केली, दुसरा म्हणतो आईने मोकाट सोडलं. मला दोन्ही घरांत एकच गोष्ट दिसते. इकडे बंदी, तिकडे मुभा, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता: हे कुठे करायचं. काय करतोयस आणि त्यातून काय निघतं, हे विचारायची वेळ कुणावर आलीच नाही. प्रत्येक निर्णयानंतर प्रयोग माणसांपासून आणखी एका दाराने लांब गेले. खोलीला निदान घराची भिंत होती, जेवायला हाक मारायला कुणीतरी यायचं. शेडपर्यंत हाकही पोचत नव्हती.

आई तर घाबरलेली नव्हती, ती दबलेली होती. 'आपल्याला त्यातलं काय कळतंय' हे वाक्य मी मराठी घरांत फार ऐकलंय. मोबाइल, कोडिंग, इलेक्ट्रॉनिक्स, काहीही असो. मुलगा आपल्यापेक्षा हुशार आहे या अभिमानाच्या आड विचारायचं राहून जातं. खरं तर शेडमधल्या मुलाला विचारायला रसायनशास्त्र यावं लागत नव्हतं. 'कपडे का टाकून देतोस?' एवढा प्रश्न पुरला असता. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

ज्यांनी उत्तरं दिली

मुलाला प्रश्न होतेच, आणि ते त्याने विचारले. भौतिकशास्त्राचा शिक्षक असल्याचं भासवून त्याने अणुऊर्जेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला आणि इतर ठिकाणी पत्रं लिहिली. मोठ्या माणसाला द्यावीत तशी सविस्तर उत्तरं आली. कुठल्या वस्तूत कुठलं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, हेही त्यांतून कळलं.

धूरशोधक यंत्रात अमेरिशियम असतं, अगदी किंचित. त्याच्या किरणांनी हवेचे रेणू भारित होतात, धूर आला की तो प्रवाह कमी होतो आणि भोंगा वाजतो. जुन्या घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर रेडियमचा रंग असायचा. कंदिलाच्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, कारण त्याचं ऑक्साइड प्रचंड तापूनही वितळत नाही आणि पांढरं झगझगीत उजळतं. आपल्या वरातींमधून डोक्यावर नेत त्या गॅसबत्तीच्या मेंटलची गोष्टही हीच. भारतातल्या मेंटल कारखान्यांना लागणारं थोरियम नायट्रेट सरकारी कंपनीच पुरवायची, आणि मूळ खनिज मिळतं केरळच्या वाळूत.

या सगळ्या वस्तू जशाच्या तशा ठेवल्या तर घराला काही करत नाहीत. अमेरिशियम आणि थोरियममधून मुख्यतः अल्फा कण बाहेर पडतात, आणि ते कागदाच्या एका पानानेही अडतात, त्वचेच्या वरच्या मृत थरानेही. पण तीच वस्तू फोडली, जाळली, तिची भुकटी केली आणि ती भुकटी श्वासातून फुफ्फुसात गेली, तर मधे कागदही नाही आणि त्वचाही नाही. तेच कण आतल्या पेशींना लागून बसतात. डेव्हिडने धूरशोधक यंत्रं शंभराच्या घरात जमवली, मेंटल हजारोंनी, आणि त्या मेंटलची ब्लोटॉर्चने राख केली. शेडचं दार लावून, भाजीच्या डब्यांत आणि बरण्यांत. यातल्या सगळ्याला पैसे लागत होते, ते तो शाळेनंतर छोट्या-मोठ्या नोकऱ्या करून मिळवत होता. वडिलांना तेही चांगलंच लक्षण वाटलं असेल.

ज्या रात्री त्याला कळलं

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. डेव्हिडने टपालाने गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, मागवला होता आणि तो गाडीच्या डॅशबोर्डवर बसवला होता. काही काळाने त्याच्या लक्षात आलं की शेडमधला ढीग दिवसेंदिवस जास्त किरणोत्सर्ग दाखवतोय. शेवटी आईच्या घरापासून पाच घरं लांबही काउंटर वाजायला लागला. त्याला कळलं की हे हाताबाहेर गेलंय. त्याने स्वतःच ते मोडायला घेतलं. थोडं आईच्या घरात ठेवलं, थोडं शेडमध्ये, उरलेलं गाडीच्या डिकीत एका पेटीत.

म्हणजे धोका ओळखणारा पहिला माणूस तोच होता. मोजमापही त्यानेच केलं होतं. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून वेगळं काय हवं असतं? पण ते सांगायला त्याच्याकडे माणूस नव्हता. वडिलांना सांगावं तर घरात प्रयोगांना बंदी होती, म्हणजे आधी खोटेपणा कबूल करावा लागणार. आईला सांगावं तर तिला कळलं नसतं आणि ती घाबरली असती. पत्रव्यवहारातले अधिकारी एका शिक्षकाला ओळखत होते, सतरा वर्षांच्या मुलाला नाही. स्काउटमध्ये सांगावं तर पदक जाईल. ज्या ज्या माणसाकडे जाता आलं असतं, त्याच्याशी तो आधीच काहीतरी लपवून बसला होता. मग तो ते डिकीत घालून फिरत राहिला.

३१ ऑगस्ट १९९४ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास क्लिंटन टाउनशिपच्या पोलिसांना फोन आला की एक तरुण गाडीचे टायर चोरताना दिसतोय. ते आले तेव्हा डेव्हिड भेटला. गाडी तपासताना कुलूप घालून टेपने गुंडाळलेली पेटी सापडली, फॉइलमध्ये गुंडाळलेली राखाडी भुकटीही. पोलिसांना बाँबची शंका आली. तज्ज्ञ आले, किरणोत्सर्ग निघाला, आणि संघराज्य पातळीवरची आपत्कालीन यंत्रणा हलली. तरीही शेडविषयी तो बरेच आठवडे बोलला नाही. अधिकारी नोव्हेंबरच्या शेवटी तिथे पोचले.

मधल्या काळात आईने, घर हातचं जाईल या भीतीने, शेडमधलं बरंचसं सामान नेहमीच्या कचऱ्यात टाकून दिलं होतं. ३९ पिंपांत गेला तो उरलेला भाग. सगळ्यात घातक माल बहुधा शहराच्या कचऱ्याबरोबर केव्हाच निघून गेला.

डेव्हिडने वैद्यकीय तपासणी करून घ्यायला नकार दिला. काही स्काउट नेत्यांनी आक्षेप घेतला, पण त्याला ईगल स्काउट हे पद मिळालं. आई १९९६ मध्ये वारली. तो पुढे नौदलात गेला, 'एंटरप्राइज' या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजावर. २००७ मध्ये इमारतीतली धूरशोधक यंत्रं चोरल्याबद्दल त्याला अटक झाली. २७ सप्टेंबर २०१६ रोजी, ३९ व्या वर्षी, दारू आणि औषधी-अमली द्रव्यांच्या एकत्रित विषबाधेने तो गेला. प्रौढपणीच्या या दुःखाचा धागा सरळ शेडशी जोडणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. माणसाच्या आयुष्यात इतर बरंच काही असतं. प्रयोग करणारी मुलं अशी संपतात, असा अर्थ या प्रकरणातून काढणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे.

तीच ओढ, दुसरं घर

वाद घालायला माझ्याकडे टेलर विल्सन आहे. जन्म १९९४, आर्कान्सा राज्यातलं टेक्सारकाना गाव. वडिलांचा शीतपेयं बाटलीबंद करण्याचा कारखाना, आई योग शिकवणारी. म्हणजे घरात भौतिकशास्त्राचा गंध नाही, डेव्हिडच्या घरापेक्षाही कमी. पोरगा मात्र तसलाच. पाचव्या वाढदिवसाला त्याला क्रेन हवी होती, खेळण्यातली नको, खरी. वडिलांनी बांधकाम व्यवसायातल्या मित्राला फोन केला आणि सहा टनी क्रेन दारात उभी राहिली. श्रीमंताघरचे लाड म्हणून सोडून देता येईल, पण वडिलांची पद्धत त्यात दिसते. मला येत नाही, तर ज्याला येतं त्याला बोलावतो.

अकराव्या वाढदिवसाला आजीने त्याला पुस्तकाच्या दुकानात नेलं, तर त्याने डेव्हिड हानवरचंच पुस्तक उचललं. इतर पालकांनी ते परत ठेवायला लावलं असतं. लवकरच गॅरेजमध्ये किरणोत्सारी दगड आणि जुन्या वस्तू जमायला लागल्या. वडील घाबरले, पण त्यांनी ते फेकलं नाही. किरणोत्सारी औषधं हाताळणाऱ्या एका औषधतज्ज्ञाला त्यांनी घरी बोलावलं आणि मुलगा काय करतोय ते बघायला सांगितलं. त्याने पाहून सांगितलं की पोरगा काळजी घेतोय, पण या क्षेत्रात चुकून शिकायला फारसा वाव नसतो. हे ऐकून वडिलांना शांत झोप लागली असेल असं नाही. पण आता घरात एक माणूस असा होता, ज्याच्याशी मुलगा खरं बोलू शकत होता आणि जो त्याचं बोलणं समजू शकत होता.

नंतर हे कुटुंब नेवाडा राज्यातल्या रिनोला राहायला गेलं, टेलरसारख्या मुलांसाठीच्या एका शाळेसाठी. तिथल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या प्राध्यापकाने आणि तंत्रज्ञाने त्याला तळघरातल्या कार्यशाळेत जागा दिली. २००८ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, त्याने केंद्रकीय संमीलन, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं एकमेकांत जोडणं, घडवणारं यंत्र चालवून दाखवलं. डेव्हिडच्या शेडमध्ये जेवढं होतं त्याहून हे काम कितीतरी अवघड आणि कमी धोक्याचं नव्हे. फक्त तिथे मोजणारी उपकरणं होती आणि थांब म्हणणारा माणूस शेजारी होता.

प्रत्येकाला क्रेन आणि विद्यापीठ परवडत नाही, हे कबूलच. फोन करायला मात्र श्रीमंती लागत नाही.

आपल्या घरातली शेड

पुण्या-नाशिकच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तळघर नसतं. बाल्कनी असते, गच्चीवरची पाण्याच्या टाकीमागची जागा असते, आजोळचं गोठ्यामागचं अंगण असतं, आणि मित्राचं घर असतं, जिथे आईवडील दोघेही नोकरीला जातात. बंदी घातली की प्रयोग तिथे जातात. धूरशोधक यंत्रं आपल्या घरांत क्वचितच, पण बंद वस्तू उघडून त्यातलं काढण्याचा मोह तोच आहे. जुन्या मोबाइलची बॅटरी. पॉवर बँक. बिघडलेला मायक्रोवेव्ह. दिवाळीनंतर गल्लीत पडलेले न फुटलेले फटाके, त्यांतली दारू काढून कागदात जमवणं. बाथरूममधलं ॲसिड आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच.

यांत काही ठिकाणी मी वाटाघाट करणार नाही. मायक्रोवेव्हमधलं कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब धरून राहू शकतं, आणि त्यातल्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर नक्षी जाळायच्या छंदात माणसं मेली आहेत. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो फुफ्फुसं पोळतो. फटाक्याची दारू घासल्याने पेटते, डेव्हिडच्या फॉस्फरससारखीच. लिथियमचा सेल टोचला तर पेटतो आणि पाण्याने चटकन विझत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपमध्ये कार्बाइडच्या वायूचा स्फोट करणाऱ्या 'कार्बाइड गन'मुळे कितीतरी मुलं डोळ्यांच्या जखमांनी रुग्णालयात भरती झाली, काहींची दृष्टी गेली. ते खेळणं म्हणून विकलं जात होतं आणि व्हिडिओ बघून घरीही केलं जात होतं. या बाबतीत उत्तर 'नाही' असंच आहे, आणि सोबत कारण सांगायचं. कारण सांगितलं की मुलाला निदान कळतं की आपल्या बाबांना यातलं काहीतरी माहीत आहे.

बाकी सगळ्यासाठी माझी सूचना अशी: प्रयोग घरातल्या सगळ्यात वर्दळीच्या जागी होऊ द्या. ओट्याशेजारी नको, अन्न असतं. हॉलच्या खिडकीशी, जुन्या टेबलावर. पसारा दिसेल, आल्यागेल्याला दिसेल, पाहुण्यांसमोर लाज वाटेल, तरी. डोळ्यांना संरक्षक चष्मा, त्याशिवाय सुरुवात नाही. आणि सुरू करण्याआधी त्याने कागदावर तीन ओळी लिहायच्या: काय मिसळणार, त्यातून काय निघेल, फसलं तर कसं थांबवणार. तिसऱ्या ओळीचं उत्तर येत नसेल तर आज प्रयोग नाही, शोध. आपल्याला उत्तर तपासता येत नसेल तर येणाऱ्याला विचारायचं. शाळेतले लॅब असिस्टंट हे यातलं न वापरलं जाणारं भांडार आहे. वर्षानुवर्षं बरण्या हाताळलेली ती माणसं, त्यांना कुणी काही विचारत नाही. सोसायटीत एखादे निवृत्त केमिस्ट असतात, आयटीआयमधले वायरमनचे शिक्षक असतात. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची कार्यशाळा, आहे, पण ती कुलूपबंद नाही ना ते जाऊन बघावं लागतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी तिथे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान उभं करायची पद्धतच रुजवली.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी करणारी सहावी-नववीची मुलं बघतो तेव्हा मला अणुऊर्जेचं पदक आठवतं. स्पर्धा वाईट नाही. त्यात प्रात्यक्षिक आहे, प्रकल्प आहे. पण पदक मिळालं म्हणजे मुलगा काय करतोय ते आपल्याला कळलं, असं होत नाही. १९९१ मध्ये वडिलांनी पदक पाहिलं होतं. ज्यूसच्या डब्याची प्रतिकृतीही पाहिली असेल. पुढचा प्रश्न, 'आता याच्यापुढे तुला काय करून बघायचंय?', तो विचारायचा होता.

आणि ज्या घरात आधीच काहीतरी लपलेलं आहे, तिथे? गादीखाली सेल सापडले, कपाटात अनोळखी वासाची बाटली सापडली. पहिल्या दिवशी रागावू नका. रागावायला पुढे वेळ मिळेल. 'मला दाखव, मी फेकणार नाही, आपण मिळून ठरवू' एवढं म्हणा आणि तो शब्द पाळा, कारण दुसऱ्यांदा तो विश्वास ठेवणार नाही. खिडक्या उघडा. बाटल्या एकमेकांत ओतू नका, वॉश बेसिनमध्येही नको. लेबल नसेल तर त्यालाच विचारून चिठ्ठी चिकटवा, त्याला बहुतेक माहीत असतं. पुढच्या विल्हेवाटीसाठी शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या रसायनाच्या प्रयोगशाळेत विचारा. फुगलेली बॅटरी लिंबाएवढी असली तरी घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली की ती पेट घेते. ती वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवा. डबा उचलताना मुलाला सोबत घ्या.